कोरसमधली मुलगी कशी ऐकायची?

«ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी अकरावीत आहे. मार्चमध्ये तिच्या हायस्कूलचं म्युझिकल झालं, त्यात ती कोरसमध्ये होती. प्रयोग बघून मी थक्क झाले. नायिकेचं काम करणारी मुलगी तर काय सांगू! सतरा वर्षांची पोर, पण काय गळा, काय अभिनय! प्रयोगानंतर लॉबीत मी तिला मिठीच मारली, 'तू ब्रॉडवेवर जाणार' म्हणाले. घरी येताना गाडीतही तिच्याबद्दलच बोलत राहिले. माझी मुलगी एवढंच म्हणाली, 'आई, मीपण होते तिथे.' तेव्हापासून घरात गाणं बंद आहे. पुढच्या वर्षी ऑडिशन देणार नाही म्हणते. तिचे बाबा म्हणतात, बरंच झालं, कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेचा अभ्यास होईल. माझ्या मात्र जिवाला लागलंय. मनापासून वाटलेलं कौतुक मी लपवायला हवं होतं का? आणि खरं सांगते, एवढ्या आवाजांत मला तिचा आवाज ओळखूच आला नाही. लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं शिकतेय, पण या नाटकासाठी घरी तेच ते दोन-तीन सूर घोळवत बसायची. मग खोटं कौतुक कसं करू?»

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी तुमचे आभार मानते. खोटं कौतुक करायचं नाही हे तुम्ही आधीच ठरवलंय, त्यामुळे पुढचं बोलणं सोपं झालं.

त्या नायिकेचं कौतुक लपवायची काहीच गरज नव्हती. दिवसभर शाळा, त्यानंतर तालीम, शेवटच्या आठवड्यात दिवे-ध्वनीसकट रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या रंगीत तालमी, आणि मग लागोपाठ प्रयोगांत गाणं, नाच आणि संवाद एकाच दमात पेलायचे. या वयाच्या मुलांमध्ये किती ताकद असते हे अमेरिकेतल्या नाटकवाल्यांनाही ठाऊक आहे. २००९ पासून न्यूयॉर्कमध्ये जिमी अवॉर्ड्स होतात, तिथे देशभरातून निवडून आलेली हायस्कूलची मुलं ब्रॉडवेच्या थिएटरमध्ये गातात. तेव्हा तुम्ही भारावलात ते योग्यच होतं. आता मुलीची समजूत काढण्यासाठी 'ती काही एवढी खास नव्हती' असं चुकूनही म्हणू नका. तुमच्या लेकीने त्या मुलीला कित्येक आठवडे विंगेतून ऐकलंय. ती किती चांगली आहे हे तिला तुमच्याहून जास्त कळतं.

दुसरीचं कौतुक झालं, एवढ्याने तुमची मुलगी दुखावली असेल असं मला वाटत नाही. तिच्याबद्दल बोलायला तुमच्याकडे काहीच नव्हतं, ते तिला लागलं. काही नव्हतं कारण तुम्हाला ते ऐकू आलं नाही. त्यावर उपाय आहे.

ते दोन-तीन सूर आठवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ती ऑल्टोची ओळ गात असणार, म्हणजे मुलींच्या आवाजांतली खालची ओळ. शेजारची मुलगी मूळ चाल गात असते आणि हिला त्याच क्षणी तिच्यापेक्षा वेगळा स्वर धरून राहायचा असतो. ही ओळ एकटी ऐकली तर अनेकदा गाणं वाटतच नाही, एकाच जागी रेंगाळल्यासारखी वाटते. वरच्या आवाजांबरोबर जुळली की मगच तिचा अर्थ लागतो. तानपुऱ्यावर एकटीने गायला शिकलेल्या मुलीसाठी हे फार अवघड आहे. आपल्या गाण्यात सूर सापडला की त्यात विरघळायला शिकवतात, इथे शेजारच्या सुराकडे ओढ लागत असतानाही आपला सूर सोडायचा नसतो. कान क्षणभर ढिला पडला की माणूस नकळत मूळ चालीवर घसरतं. घरी ती जे घोळवत होती तो याचाच सराव असणार.

आणि तिचा आवाज तुम्हाला ओळखता आला नाही ना? अहो, कोरसमध्ये तसंच व्हायला हवं. प्रत्येकाने आ-ए-ओ एकसारखे उच्चारायचे, कुणाचाही आवाज वर डोकवायला नको. लांबवलेला सूर मध्येच तुटू नये म्हणून मुलं वेगवेगळ्या जागी श्वास घेतात, म्हणजे एक थांबली तरी बाकीच्यांनी तो धरून ठेवलेला असतो. त्यात नाचाच्या पायऱ्या, धावत जाऊन कपडे बदलणं, एका अंकात गावकरी तर पुढच्यात आणखी कुणी. गालावर चिकटवलेला माइक बहुतेक शाळांत मुख्य पात्रांच्या वाट्याला येतो. कोरसमधल्या प्रत्येकीला तो मिळत नाही.

आपल्या मराठी कानाचाही यात भाग आहे असं मला वाटतं. आपलं संगीत नाटक एकट्या गायकाचं. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. मास्टर दीनानाथांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभी केली ती जवळपास त्याच वयात. सतराव्या-अठराव्या वर्षी अख्खी कंपनी अंगावर घेणारी ही माणसं आपल्याला आठवतात, आणि आठवावीतच. पण प्रेक्षकांचे वन्समोअर जायचे ते एका गळ्याला, त्याने घेतलेल्या पदाला. नाटक बघायला बसलो की तो एक गळा शोधायची सवय आपल्याला तिथूनच लागली. त्यामुळे तुमचं लक्ष नायिकेवर खिळलं, यात लेकीवरच्या मायेत काही उणं आलं असं मुळीच नाही.

आता काय करायचं ते सांगते. तिला विचारा, 'त्या शेवटच्या मोठ्या गाण्यात तू कुठली ओळ गात होतीस? मला म्हणून दाखव.' ती टाळेल. एक-दोन दिवस जाऊ द्या, परत विचारा. म्हणायला लागली की मूळ चाल तुम्ही गा, येईल तशी, आणि तिला तिची ओळ धरू दे. तुमचा सूर हलला तरी ती ठाम उभी राहते का ते ऐका. मग अंगावर काटा आला तर तिथल्या तिथे सांगा, तेवढंच सांगा. 'तू त्या मुलीपेक्षा छान गातेस' नको. 'पुढच्या वर्षी तुलाच मुख्य भूमिका मिळेल' हे तर अजिबात नको, कारण त्याचा अर्थ यंदाचं काम मोजण्यासारखं नव्हतं असा होतो. गाडीतल्या त्या संध्याकाळबद्दलही सरळ बोला: 'मला तुझं काम कळलं नव्हतं, आता कळतंय.'

ऑडिशनचा निर्णय तिच्यावर सोडा. राग निवळल्यावर तिला परत कोरसमध्ये जावंसं वाटेल, किंवा ती पडद्यामागे जाईल. हेडसेट लावून दिव्यांचा प्रत्येक इशारा देणारी स्टेज मॅनेजरही या शाळांत बहुधा विद्यार्थीच असते, आणि तिने एक इशारा चुकवला तर नायिका अंधारात गाते. तिथेही तुमच्या मुलीसारखा तयार कान लागतोच. बाबांशी मात्र लवकर बोला. घरातलं गाणं थांबलं याला 'बरंच झालं' म्हणणं तिच्या कानावर पडत असेल, आणि ते तुमच्या गाडीतल्या बोलण्यापेक्षा जास्त नुकसान करेल. परीक्षेचं वेळापत्रक तिला बसवता येतं. ते तिने यंदाही बसवलंच असणार.

ती परत उतरली, तर एका प्रयोगावर भागवू नका. नाटकाच्या परवान्याच्या अटींमुळे बऱ्याचदा चित्रीकरण करता येत नाही, म्हणून नंतर घरी बघू असं म्हणायची सोय नसते. पहिल्या दिवशी सगळं नाटक बघा, नायिकेसकट, मनसोक्त. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतल्या तुमच्या मुलीवरून नजर हलवू नका. आणि बाबांचं तिकीट तुमच्याबरोबरच काढा.