हृदयाला पंप बसवलेल्या माणसाची नाडी का लागत नाही?

तुम्ही विचारलंय, "सांगलीत नातेवाइकांकडे एलव्हॅड (हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप) बसवलेला पाहुणा आला. मनगटाला नाडीच लागेना, हे कसं?"

घाबरू नका, सहसा तसंच असतं. हृदय ठोक्याठोक्यानं रक्त ढकलतं. हा पंप मात्र आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखा सलग ओढतो. किर्लोस्करवाडीचा सेंट्रिफ्युगल पंप उघडून पाहिला असेल तर तत्त्व तेच: फिरणारा इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक. फरक इतकाच की पाणी घुसळलं तरी बिघडत नाही, रक्तातल्या पेशी फुटतात आणि गुठळ्या होतात. म्हणून 'हार्टमेट ३' या एलव्हॅडमधला इम्पेलर चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतो, बेअरिंगच नाही. शिवाय तो दर 2 सेकंदांनी वेग कमी-जास्त करतो, म्हणजे आत रक्त साचून राहत नाही.

गंमत म्हणजे, रिचर्ड वॅम्पलर या डॉक्टरांना 'हीमोपंप' हा फिरत्या स्क्रूचा रक्तपंप सुचला तो 1976 मध्ये इजिप्तमध्ये आर्किमिडीजच्या स्क्रूनं (नळीत फिरणाऱ्या मळसूत्रानं) पाणी उपसताना पाहून! 1988 मध्ये तो माणसात वापरला गेला.

एलव्हॅड वायरलेस म्हणाल तर अजून सर्रास नाही. पंपाला वीज देणारी केबल पोटातून बाहेर येते, तिथं जंतुसंसर्गाची भीती. बॅटऱ्या अंगावरच, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात चार्जिंगची पर्यायी सोय आधी बघा. बीपी मोजायला डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) लागतो, साधं यंत्र बऱ्याचदा चुकतं.