माझ्या घरात सात रेस्क्यू कुत्री आहेत आणि फोन थांबत नाहीत. हे काम नीट कसं लावू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही तिघी मैत्रिणी दीड वर्षापासून परिसरातली जखमी आणि टाकून दिलेली कुत्री उचलताय. उपचार होतात, कुत्री बरी होतात, पण पुढे कुठे जात नाहीत. एकट्या तुमच्या घरात आज सात आहेत, घरचे कावलेत आणि फोन रोज येतातच. आता शेड बांधावी की काम बंद करावं?

दोन्ही नको. शेड तर मुळीच नको. ती बघता बघता भरते आणि मग सातांच्या जागी तिसांची काळजी लागते. मी आठ वर्षं हे करतेय आणि त्यातली पहिली तीन हुबेहूब तुमच्यासारखी काढली. एका टप्प्याला माझ्याकडे अकरा होती. त्यातल्या एका म्हातारीच्या कानात पू झालाय हे मला चार दिवसांनी कळलं, तेही वास यायला लागला म्हणून. रोज तिच्यापुढे वाटी ठेवत होते, डोक्यावरून हात फिरवत होते, पण बघत नव्हते. अकरावं कुत्रं आणून मी आधीच्या दहांच्या ताटातलं काढून घेते, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं.

हे काम उलट्या टोकाकडून लावावं लागतं. उचलायला तासभर पुरतो, घर मिळायला कधी तीन महिने जातात. ते तीन महिने कुत्रं कुठे राहणार, हे ठरलेलं असेल तरच उचलायचं. आधी फोस्टर घर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं तात्पुरतं सांभाळणारं घर, मग कुत्रं. अपघात झालेलं, तडफडणारं जनावर याला अपवाद. पण त्याला डॉक्टरकडे नेणं वेगळं आणि आपल्या घरी आणणं वेगळं.

फोनचं म्हणाल तर, "इथे एक पिल्लू पडलंय, घेऊन जा" म्हणणाऱ्याला मी आता एकच विचारते: "आजची रात्र त्याला तुमच्या बाथरूममध्ये ठेवाल का? खाणं, औषध, डॉक्टर सगळं माझ्याकडे." बरेच जण फोन ठेवतात. उरलेले कुत्रं ठेवतात. माझी निम्मीअधिक फोस्टर घरं या उरलेल्यांमधून आलीत.

आणखी एक. उचलायलाच हवं का, हेही बघा. अगदी लहान पिल्लं एकटी दिसली म्हणून अनाथ नसतात. आई खायला शोधायला गेलेली असते. पिल्लं उबदार, गोलमटोल आणि गप्प असतील तर लांबून काही तास नजर ठेवा. गार पडली असतील, मुंग्या लागल्या असतील, एकसारखी कुंईकुंई करत असतील तर थांबू नका. आणि माणसाळलेलं मोठं कुत्रं सापडलं की "कुणीतरी सोडून दिलं" असा निकाल लगेच लावू नका. मी एकदा अशाच एका बारक्या, घाबरलेल्या कुत्र्याच्या मालकांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. डॉक्टरांनी मानेवर स्कॅनर फिरवला, कातडीखाली मालकाची ओळख पटवणारी चिप निघाली, आणि मालकीणबाई रडतच आल्या. फटाक्यांच्या आवाजाने पळालेलं होतं. एकोणीस दिवस त्या शोधत होत्या. चिप आहे का बघा, सापडल्याची खबर आजूबाजूला द्या, पण एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवा. खरा मालक ती सांगतो.

आता फोस्टर. "सहा महिने सांभाळाल का?" असं विचारलं की नकारच येतो, आणि तो बरोबरच असतो. "शनिवार-रविवार ठेवाल?" असं विचारून बघा. दोन रात्रींनी काय होणार, असं मलाही वाटायचं. 2019 साली अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या 207 कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्री एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी राहिली, तेव्हा त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलं. परतल्यावर ते पुन्हा आधीच्या पातळीला गेलं, त्याच्या वर नाही. म्हणजे "थोडा वेळ माया लावून परत सोडलं तर बिचाऱ्याला जास्तच त्रास होईल" ही आपली भीती निदान त्या मोजमापात तरी खरी ठरली नाही. शिवाय दोन दिवसांत फोस्टर तुम्हाला असं काहीतरी सांगतो जे सात कुत्र्यांच्या गोंधळात तुम्हाला कधीच दिसलं नसतं. लिफ्टला घाबरतो. मांजराकडे ढुंकून बघत नाही. टीव्हीवर घोडा दिसला की भुंकतो. हीच माहिती पुढे घर मिळवून देते.

फोस्टरशी बोलणं पहिल्याच दिवशी स्वच्छ करा, आणि लिहून करा. खर्च कुणाचा, डॉक्टर कोणता, रात्री दोन वाजता फोन कुणाला, तारीख कधीपर्यंत. ती तारीख पाळा. "अजून आठच दिवस" असं तीनदा म्हटलंत की तो माणूस गेला, आणि जाताना चार जणांना सांगून गेला. आणि फोस्टरनेच कुत्रं ठेवून घेतलं तर त्याला आम्ही गमतीने "फोस्टर नापास" म्हणतो. कुत्र्यासाठी आनंदच, पण तुमचं एक घर कमी झालं हेही धरून चाला.

पहिल्या आठवड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथली आहे.

काजळ नावाची एक काळी कुत्री होती, दीडेक वर्षाची. तिला आणलं त्या संध्याकाळी बेल वाजली, मी सवयीने दार उघडलं आणि ती माझ्या पायांमधून गेली. गळ्यात पट्टा होता, पण सैल. मी धावले, शेजारी धावले, दोन पोरं सायकलवर सुटली. आम्ही जितके धावलो तितकी ती लांब गेली. धावणारं, हाका मारणारं माणूस घाबरलेल्या कुत्र्याला शिकाऱ्यासारखंच दिसतं, हे मला तेव्हा कोण सांगणार? दोन रात्री गेल्या. शेवटी एका जुन्या कार्यकर्तीने सांगितलं, सगळ्यांना घरी पाठव, ती जिथे दिसली तिथे तिचं अंथरुण टाक, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस. पहाटे चारला बसले. पाऊण तासाने मागे पानं वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग कोपराला ओलं नाक लागलं. वळले नाही. मांडीवर सुटा दोर होता, त्याचा फास तिच्या मानेवरून सरकवायला मला अजून दहा मिनिटं लागली, इतका हात थरथरत होता.

तेव्हापासून माझा नियम आहे: नवीन कुत्र्याला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या, आणि पट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतका घट्ट. बाहेरच्या दाराआधी आणखी एक बंद दार. पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, अंघोळ नाही, घरातल्या कुत्र्याशी गाठ नाही. पलंगाखाली गेलं तर ओढून काढायचं नाही. पाणी आणि खाणं तिथेच सरकवून द्यायचं आणि आपण खोलीत आपलं काहीतरी वाचत बसायचं. तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत रुळलेलं, तीन महिन्यांत घरचं झालेलं असा एक ठोकताळा सगळे सांगतात. शास्त्र म्हणून नव्हे, पण नव्या माणसाला धीर द्यायला तो बरा पडतो.

आजारपणाचं सगळं इथे सांगत नाही, त्याला तुमचे डॉक्टर आहेत. पण सात कुत्री एकत्र आहेत म्हणून पार्वो या जीवघेण्या, विषाणूने पसरणाऱ्या आजाराबद्दल सांगते. उलट्या, वासाचे रक्ताळ जुलाब, मलूल पडलेलं पिल्लू दिसलं की त्याच तासाला डॉक्टर, उद्या नाही. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि साध्या फरशीच्या द्रवाला किंवा हाताला लावायच्या सॅनिटायझरला जुमानत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या आणि नंतर पुसा. लस न झालेलं नवं पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, आणि त्याचं सगळं शेवटी करायचं. लशीचा एक डोस झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसांना आडवी येते, म्हणून पिल्लाचं वय सोळा आठवडे होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. उपाशी, हाडं निघालेलं कुत्रं आणलं तर दया येऊन भरभरून घालू नका. अशा शरीरावर एकदम पडलेलं अन्न जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.

आणि तुम्ही तिघी रेबीजची आगाऊ लस घेतली नसेल तर हे उत्तर पुढे वाचायच्या आधी त्याची वेळ ठरवा. ती घेतली असली तरी चावा लागला की साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखान्यात जायचंच.

आता घर शोधणं. इथे आपण सगळे खोटं बोलतो. "अतिशय गुणी, प्रेमळ, लाघवी पिल्लू, घर हवे." अशा जाहिराती एकाखाली एक शंभर असतात आणि एकही कुत्रं डोळ्यांसमोर उभं राहत नाही. माझ्या एका तांबड्या कुत्र्याला पाच महिने कुणी विचारलं नाही. मग मी लिहिलं: "चार वर्षांचा आहे. पुरुषांना दोन दिवस गुरगुरतो, तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायावर झोपतो. चपला खात नाही, पण मोजे पळवतो. दुसरं कुत्रं असलेल्या घरी देणार नाही." आठवड्यात तीन फोन आले, आणि तिन्ही कामाचे. दोष सांगितला की लोक पळतात असं नाही. चुकीचे लोक पळतात. फोटोही त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, उजेडात काढा. पिंजऱ्यातला, जखमेचा फोटो उपचाराला पैसे मिळवून देतो, घर नाही.

विचारायला येणाऱ्यांची मी पूर्वी परीक्षाच घ्यायचे. घर स्वतःचं का, गच्ची आहे का, दिवसभर कोण असतं. त्यात चांगली माणसं गळाली. नोकरी करणारी एकटी बाई म्हणून जिला मी नाही म्हटलं, तिने पुढे दुसरीकडून कुत्रं आणलं आणि त्याच्या शेवटच्या आजारात दीड महिना जमिनीवर गादी टाकून झोपली. मला अजून लाज वाटते. आता तीनच गोष्टी बघते. घरातल्या सगळ्यांना हवंय का, सगळ्यांना म्हणजे आजी-आजोबांनाही. घर बदललं, मूल झालं, नोकरी गेली तर कुत्र्याचं काय, याचा विचार त्यांनी कधी केलाय का. आणि आधीच्या कुत्र्याबद्दल ते कसं बोलतात. पोराला वाढदिवसाला द्यायला पिल्लू हवंय म्हणणाऱ्यांना थेट नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. नसबंदी शक्यतो देण्याआधीच उरकून टाका. "आम्ही करून घेऊ" हे वाक्य मी फार ऐकलंय.

आणि कागदावर एक ओळ ठळक असू द्या: काही कारणाने जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत यायचं, कारण विचारलं जाणार नाही. यावर नव्या कार्यकर्त्या माझ्याशी भांडतात. त्यांना वाटतं, आपणच परतीची वाट दाखवली तर लोक सोपं समजतील. पण परत आणून देणाऱ्याला तुम्ही तोंडावर बोललात तर पुढच्या वेळी तो कुत्रं तुमच्या दारात आणणार नाही, कुठल्यातरी हमरस्त्यावर गाडीचं दार उघडेल. मोजे पळवणारा तो तांबडा एकदा अकरा दिवसांनी परत आला. घरातल्या आजोबांना तो उठूच देत नव्हता, उठले की गुरगुर. तो मुलगा खाली मान घालून उभा होता. मी चहा केला, आणि तेव्हा त्याने सांगितलं की दुपारी आजोबांना काठी टेकत येताना बघून कुत्रं लघवी करतं. म्हणजे पुरुष नव्हे, काठी. इतके दिवस आम्ही चुकीचं लिहीत होतो. जाहिरात बदलली, आणि दुसरं घर टिकलं.

तुमच्या सातांचं आता असं करा. सगळ्यांत अवघड कोणतं, यावर डोकं खपवू नका. ते तुमच्याकडेच राहील असं सध्या धरा. सगळ्यांत सोपी दोन निवडा आणि आठवडाभर फक्त त्या दोघांसाठी घर शोधा. ती जाईपर्यंत नवीन आणायचं नाही, तिघींनी एकमेकींना तसं सांगून ठेवा. आणि त्यातल्या एकीचा फोन रात्री "अगं, एकच आहे, अगदी एवढंसं" असा आला तर तिला बाथरूमचा प्रश्न विचारा.