हृदयाचे पंपिंग 30 टक्क्यांवर आले. ते पुन्हा वाढेल का?

प्रश्न : माझे वडील (वय 58) नौपाड्यात राहतात. अलीकडे तलावपाळीला एक फेरी मारली तरी त्यांना धाप लागते आणि संध्याकाळी पाय सुजतात. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 30 टक्के आले, अँजिओग्राफीत मात्र ब्लॉकेज नाही. ठोके सतत 150 असतात; निदान ‘एट्रियल फ्लटर’ आहे. डॉक्टर अ‍ॅब्लेशन सुचवतात, पण इतक्या कमजोर हृदयाला ते झेपणार नाही असे नातेवाईक म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : 30 टक्के म्हणजे हृदय 70 टक्के निकामी झाले, असे कृपया समजू नका. निरोगी हृदयही एका ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकते.

फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला सुमारे 300 वेळा आकुंचन पावतात आणि बहुधा त्यातला दर दुसरा ठोका खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच वडिलांची नाडी बसले तरी, झोपले तरी 150 वरच अडून राहते. पुष्कळांना ही धडधड जाणवतही नाही, त्यामुळे ती आठवडेच्या आठवडे चालू राहते आणि उसंत न मिळालेला स्नायू थकून पसरतो. कमजोरी यामुळेच आली असेल, तर ठोके ताळ्यावर आल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पंपिंग बरेच सुधारते, कित्येकदा पूर्ववत होते. मात्र स्नायू आधीपासूनच कमजोर होता का, हे ती सुधारणा दिसल्यावरच पक्के सांगता येते.

नातेवाइकांची काळजी स्वाभाविक आहे. तरीही ठोके असेच धावू देणे हाच माझ्या मते मोठा धोका आहे. अ‍ॅब्लेशनमध्ये छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन, विद्युतप्रवाह ज्या वाटेने गोल फिरतो ती वाट उष्णतेने बंद करतात, आणि नेहमीच्या प्रकारच्या फ्लटरमध्ये यश बहुतांशी मिळते. त्याआधी हृदयात गुठळी नाही याची खात्री करतात, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू नये. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी.

पंपिंग सुधारले तरी औषधे स्वतःहून बंद करू नयेत, कारण जलद ठोके परतल्यास ते पहिल्यापेक्षा लवकर घसरू शकते. घरी मनगटावरची नाडी पूर्ण 1 मिनिट मोजावी. विश्रांतीतही ती 100 च्या वर राहिल्यास डॉक्टरांना कळवावे. चक्कर येऊन पडल्यास किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडल्यास मात्र लगेच रुग्णालय गाठावे.