पनीरचे नमुने नियमित तपासत असताना जंतुवाढीचे भाकीत आणि जोखीम मूल्यमापन कशासाठी?

आपला पनीरचा छोटा उद्योग आहे, नमुने नियमितपणे प्रयोगशाळेत जातात, मग गणिती प्रारूपांचा खटाटोप कशाला, असे आपण विचारले आहे. दुग्धप्रक्रियेतील गुणवत्ता विभागात काम करत असल्यामुळे मला तो आवश्यक वाटतो, आणि त्याचे कारण नमुन्यांच्या हिशेबातच आहे. बॅचमधील शंभरात एक पाकीट दूषित असेल आणि आपण पाच पाकिटे तपासली, तर पाचही निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे 95 टक्के असते. अहवाल खोटा नसतो. तो फोडलेल्या पाकिटांपुरता असतो.

पनीरच्या बाबतीत मला सर्वाधिक धास्ती लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस या रोगकारक जिवाणूची वाटते. दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवले की हा जिवाणू मरतो. परंतु कापणीच्या टेबलावरून किंवा ओल्या फरशीवरून तो पुन्हा शिरू शकतो आणि फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो. रॅटकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार वाढीच्या वेगाचे वर्गमूळ तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते. वाढ जिथे थांबते ते तापमान उणे 1 अंश धरले, तर 4 अंश त्याहून 5 अंशांनी वर आहेत, म्हणून 5 चा वर्ग 25 येतो; 8 अंश 9 अंशांनी वर आहेत, म्हणून 9 चा वर्ग 81. म्हणजे दुकानातला फ्रिज 4 ऐवजी 8 अंशांवर असला, तर वाढीचा वेग तिपटीहून अधिक होतो, आणि पाकिटावर छापलेली मुदत मात्र तीच राहते. (मे महिन्यात वीज गेल्यावर काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.)

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत जोखीम मूल्यमापनाचे चार टप्पे आहेत. धोका ओळखणे आणि त्याचे स्वरूप ठरवणे, हे पहिले दोन टप्पे लिस्टेरियाबाबत इतरांनी पुष्कळसे करून ठेवलेले आहेत. तिसरा टप्पा, म्हणजे ग्राहकाच्या पोटात प्रत्यक्ष किती जिवाणू जातात याचा अंदाज, आपल्यालाच करावा लागतो, कारण भाजीत उकळलेले पनीर आणि गर्भवतीने किंवा वृद्धाने कच्चेच खाल्लेले पनीर यांची जोखीम एक नसते. त्यावरूनच चौथ्या टप्प्यात एकूण जोखीम ठरते.

सुरुवातीला जंतुवाढीचे भाकीत आलेखाच्या रूपात देणारे कॉमबेस हे मोफत ऑनलाइन साधन पुरेसे आहे. त्यात तापमान, सामू (आम्लता) आणि जलक्रियता (जंतूंना वापरता येण्याजोग्या पाण्याचे माप) भरावी लागते. मात्र त्यामागची बरीच माहिती प्रयोगशाळेतील द्रव माध्यमात मिळवलेली असल्याने खऱ्या पनीरमधील वाढ वेगळी असू शकते, म्हणून केवळ त्या आलेखावरून मुदत वाढवू नये. त्याआधी दोन-चार पाकिटांसोबत डेटा लॉगर पाठवून गाडीतले आणि दुकानातले खरे तापमान नोंदवावे.