डॉर्टमुंडला येताना निळं जॅकेट आणू नकोस

ऑक्टोबरपासून डॉर्टमुंडला मास्टर्स, कोर्स इंग्रजीत, मग जर्मन लागतंच का आणि सामानात काय आणू, असं विचारलंयस. जरा पाल्हाळ लावतो, चालवून घे.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. लक्ष्मी रोडवर घेतलेलं निळं-पांढरं जॅकेट घालून शनिवारी दुपारी बोर्झिगप्लाट्झच्या थांब्यावर उभा होतो. सत्तरीचे एक आजोबा, गळ्यात काळा-पिवळा मफलर, थेट समोर आले आणि जॅकेटवर बोट ठेवून काहीबाही बोलू लागले. मला एवढंच कळलं: 'ब्लाऊ', म्हणजे निळं. पोटात गोळा आला. खोटं कशाला सांगू, मनात भलतंच आलं. मग ते हसले.

निळा-पांढरा हा शाल्केचा रंग. शाल्के म्हणजे शेजारच्या गेल्सेनकिर्शेनचा फुटबॉल क्लब; डॉर्टमुंडचा क्लब बोरुसिया, काळ्या-पिवळ्या रंगाचा, त्याचा हाडवैरी. इथले कट्टर लोक त्याचं नावही तोंडातून काढत नाहीत, 'हेर्ने-वेस्ट' म्हणतात, म्हणजे शेजारच्या हेर्ने गावाच्या पश्चिमेचं काहीतरी.

माझं जर्मन ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, त्यांचं चार शब्दांचं इंग्रजी आणि बाकी हातवारे. दोन ट्राम सोडल्या. जन्म हॉश पोलाद कारखान्यात गेला म्हणाले. 2001 मध्ये भट्ट्या विझल्या. शहरातल्याच हॉर्ड भागातला कारखाना तर सुटा करून चीनला नेला, आता तिथे तलाव आहे. (मला लालबाग-परळ आठवलं.) क्लब मात्र याच वस्तीतला, 1909 चा. मग आवाज खाली करून सांगितलं, सुरुवातीला आमचीच जर्सी निळी-पांढरी होती. काळा-पिवळा 1913 पासून. कुणाला सांगू नकोस, अशी खूणही केली.

तेव्हा ए-टू, म्हणजे जर्मनची दुसरी पायरी, तरी करूनच ये. विद्यापीठात इंग्रजीवर निभावतं. घरमालक, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आणि थांब्यावरचे आजोबा यांच्यापुढे नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. किल्ली घेतानाच तो माग, नंतर पत्रं लिहीत बसावं लागतं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागितली तर देऊ नकोस, कायद्यात बसत नाही. रविवारी दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच.

घरच्या सामन्याच्या दिवशी खोली बघायला जाण्याची वेळ ठरवू नकोस. स्टेडियममध्ये 81 हजारांवर माणसं मावतात, त्यातली 25 हजारांच्या आसपास एकट्या दक्षिण स्टँडवर उभी असतात, आणि ती सगळी तुझ्याच ट्राममध्ये असतात.

जॅकेट टोपीवालं आण, इथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते. रंग करडा, हिरवा, काहीही चालेल. लाल, म्हणजे म्युनिकच्या बायर्न क्लबचा रंग, आणलंस तर मात्र कुणीतरी 27 मे 2023 ची कहाणी ऐकवेल: शेवटचा सामना, घरचं मैदान, माइन्झशी 2-2 बरोबरी, आणि गोलफरकावर जर्मन लीगचा करंडक बायर्नकडे. वेळ काढून ऐक, लवकर संपत नाही.