त्याचा पगार कोणाच्या हातात द्यायचा? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आता मुलं राहिलेली नाहीत, अठरा ओलांडून गेलीत आणि घरात रोज नवा प्रश्न उभा राहतोय. आयक्यू साधारण ५० ते ६९ च्या मधला, बोलतात, स्वतःचं आवरतात, थोडंफार लिहिता-वाचता येतं, बघून पटकन कळतही नाही आणि म्हणूनच यांची अडचण कोणाला दिसत नाही. बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांत सगळ्यात जास्त संख्या यांचीच, पण शाळा संपली की पुढचं कोणी सांगत नाही. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख कळेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: माझा मुलगा २० वर्षांचा आहे. स्पेशल शाळेतून बाहेर पडल्यावर ओळखीने एका बेकरीत लागला, खारी-टोस्टचं पॅकिंग करतो, महिन्याला सात हजार मिळतात. पगार मालक ह्यांच्याकडे देतात, मी त्याला रोज चहाला २० रुपये देते. मागच्या महिन्यात त्याने कपाटातून ५०० ची नोट घेतली आणि मित्रांना वडापाव खाऊ घातले, एकाचा रिचार्जही मारून दिला. हे खूप चिडले, चोर म्हणाले. दोन दिवस तो जेवला नाही. त्याच्या हातात पैसे द्यावेत का? त्याला हिशोब जमत नाही. (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, द्यावेत, आणि या महिन्यापासूनच. पहिलं म्हणजे ते पैसे त्याचेच आहेत. महिनाभर उभं राहून पॅकिंग तो करतो आणि पाकीट वडिलांच्या हातात जातं, मग त्याच्या डोक्यात पगार म्हणजे काय हे बसणार कसं? ज्या घरात त्याचा पगार येतो त्याच घरातून त्याने एक नोट उचलली, त्याला चोर म्हणणं बरोबर नाही. दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सांगा की एकदा शांतपणे त्याच्याशी बोला, "मी रागात बोललो, तू चोर नाहीस" एवढं वाक्य त्याच्यासमोर म्हणा. ही मुलं असे शब्द वर्षानुवर्षं धरून बसतात, आपण विसरतो ते विसरत नाहीत.

आता हिशोबाचं. बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून पैसे हाताळता येणार नाहीत असं नसतं. त्याला एवढंच शिकवा: बिल ३४० झालं तर तीन शंभराच्या नोटा मोजायच्या आणि वर एक जास्त द्यायची, मग उरलेले परत मिळेपर्यंत काउंटरवरून हलायचं नाही. १७० असेल तर एक आणि वर एक. फक्त शंभराच्या नोटा घेऊन घरी आठ-दहा दिवस खेळल्यासारखं करा, तुम्ही दुकानदार व्हा, मग खऱ्या किराणा दुकानात न्या जिथले काका ओळखीचे आहेत. सुट्टे बरोबर आले का हे त्याला लगेच कळणार नाही, पण थांबायची आणि पावती मागायची सवय लागते आणि निम्मं काम तिथेच होतं.

५०० म्हणजे किती हे आकड्यात नाही कळणार, कामात कळेल. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५०० म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचं पॅकिंग. कॅलेंडर घ्या आणि त्याच्यासमोर दोन चौकोन रंगवा, "एवढे दिवस उभा राहिलास की ही नोट येते". मित्राचा रिचार्ज मारायचा का हे मग त्याला ठरवू द्या. ठरवून मारला तरी चालेल, वीस वर्षांचा मुलगा मित्रांवर पैसे उडवतोच, आपल्या बाकीच्या मुलांना आपण त्यासाठी चोर म्हणतो का?

दर सोमवारी ठरलेली रक्कम त्याच्या पाकिटात, समजा ३००. बुधवारी संपले तर पुढच्या सोमवारपर्यंत नाही. इथे आयांचा धीर सुटतो हे मला माहीत आहे, गुरुवारी त्याचं तोंड बघून तुम्ही हळूच ५० काढाल, कृपा करून काढू नका. डबा घरचा आहे, तो उपाशी राहणार नाही, फक्त चहा बुडेल. सुरुवातीचे काही आठवडे असेच जातील.

पगार त्याच्या नावाच्या खात्यात जमा करायला मालकांना सांगा. मोबाईलवर पैसे देणं शिकवायचं असेल तर वेगळं छोटं खातं काढा, त्यात आठवड्याचेच पैसे ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा, पगाराच्या खात्याला अजिबात नको. म्हणजे कोणी फसवलं तरी जास्तीत जास्त आठवड्याचे जातील. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे पाठ करून घ्या, "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. आणि उसने मागणाऱ्या मित्रांसाठी एकच वाक्य, "घरी विचारून सांगतो". दादांनी खोटं खोटं मित्र व्हायचं, गळ्यात हात टाकून आग्रह करायचा, आणि त्याने तेच वाक्य म्हणायचं. समोर माणूस आग्रह करत असताना नाही म्हणता येणं हे हिशोबापेक्षा कठीण आहे, त्याची प्रॅक्टिस जास्त करा.

अजून एक, त्याच टेबलवर तेच काम करणाऱ्या बाकीच्यांना किती मिळतात ते विचारा. काम तेवढंच आणि पगार कमी असेल तर मालकांशी नीट बोलून घ्या. उपकार म्हणून ठेवलंय असं तुम्हीच मनात धरू नका.

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे. हे मी बोलले आणि मैत्रिणीने टाईप केलं. मी ठाण्याला वर्कशॉपमध्ये काम करते, पिशव्या शिवते. दादा रोज सोडतो. मला एकटीला डोंबिवलीहून लोकलने जायचं आहे. आई म्हणते तू हरवशील. आणि पाहुणे आले की सगळे माझ्याबद्दल आईला विचारतात, मला विचारत नाहीत. वर्कशॉपमधला एक मुलगा मला आवडतो. आई म्हणते त्याच्याशी बोलायचं नाही.

उत्तर: तुम्ही स्वतः विचारलंत, खूप छान वाटलं. तुम्हालाच उत्तर देते.

लोकलने जाता येईल. थोडं थोडं शिकायचं. आधी दादा शेजारी बसेल, पण तिकीट तुम्ही काढायचं, गाडी तुम्ही ओळखायची. मग दादा त्याच डब्यात लांब उभा राहील. मग तो दुसऱ्या डब्यात. मग दादा घरी, आणि तुम्ही ठाण्याला उतरलात की फोन. घाई करायची नाही.

स्लो गाडीच पकडा. स्टेशनं पाठ करा: डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. कळवा आलं की उठून दाराकडे जायचं. ठाण्याला उतरता आलं नाही तर घाबरू नका. चालत्या गाडीतून उतरायचं नाही. मुलुंडला उतरा, दादाला फोन करा, परत ठाण्याकडे जाणारी गाडी पकडा. हे एकदा मुद्दाम दादाबरोबर करून बघा, मुद्दाम पुढे जा आणि परत या. म्हणजे भीती जाईल. दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो, तुमचं कार्ड जवळ ठेवा. मदत लागली तर रेल्वेचा १३९ नंबर फोनमध्ये ठेवा.

पाहुण्यांनी आईला विचारलं तरी उत्तर तुम्ही द्या. "मी पिशव्या शिवते, मला विचारा." आईला आधी सांगून ठेवा की तुम्ही बोलणार आहात.

तो मुलगा आवडतो यात काही चूक नाही. बोला, डबा एकत्र खा. त्यालाही तुम्ही आवडता का हे त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल, पण ते मान्य करायचं. त्याने किंवा कोणीही हात लावला आणि तुम्हाला नको असेल तर मोठ्याने नाही म्हणा, तिथून निघा आणि त्याच दिवशी आईला किंवा वर्कशॉपच्या ताईंना सांगा. "कोणाला सांगू नकोस" असं कोणी म्हटलं तर नक्की सांगायचं.

हे उत्तर आईला वाचून दाखवा. आई, बोलायला बंदी घातली की मुली लपवून बोलायला लागतात आणि मग काही झालं तर सांगायलाही येत नाहीत.

प्रश्न: धाकटी बहीण २२ वर्षांची, सौम्य अक्षमता आहे. पाळीत कधी कधी कपडे खराब होतात. काकू म्हणतात गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल, शिवाय उद्या काही वाईट झालं तर निदान... आईलाही आता तसंच वाटायला लागलंय. (मोठी बहीण, सातारा)

उत्तर: नाही. हे करू नका, आणि आईला माझ्या नावाने सांगा की करू देऊ नका.

आपल्याकडे हा विषय जुना आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ऑपरेशन करून काढली गेली, कारण तेच, पाळीची स्वच्छता जमत नाही. तेव्हा महिला संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की ज्याने मूल होण्याची क्षमता जाते असा कुठलाही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तिच्या, आईच्या नाही. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका तरुणीची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, सौम्य अक्षमता होती, अत्याचारातून दिवस गेलेले, हायकोर्टाने गर्भपाताचा आदेश दिला होता, पण तिला मूल हवं होतं. सुप्रीम कोर्टाने तिचं म्हणणं मानलं.

काकूंनी जे वाक्य अर्धं सोडलं ते पूर्ण करून बघा. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त तो झाल्याचं कळत नाही. करणाऱ्याचीच सोय. तिला सांभाळायचं असेल तर शरीराचे अवयव नावानिशी शिकवा, नको तो स्पर्श कसा सांगायचा ते शिकवा.

पाळीचं म्हणाल तर एका जुन्या निकरवर पॅड कुठे बसतं त्याची पेनाने आउटलाईन काढा आणि पाळी नसताना लावून काढून सराव करून घ्या. बदलायची वेळ घड्याळावर नको, कामाला जोडा: आंघोळ झाल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळच्या चहाला, झोपताना. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कुठल्या डब्यात टाकायचं तो डबा दाखवा. कॅलेंडरवर तारखेची लाल खूण तिनेच करायची. डाग कधीतरी पडेलच, तो आपल्यालाही पडतो. रक्तस्राव खरंच जास्त असेल, दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, बाकी कुठल्याही मुलीला जे औषध देतील तेच तिलाही.

प्रश्न: मुलगा १८ पूर्ण झाला. लोक म्हणतात कोर्टातून पालकत्व घ्या नाहीतर बँकेत काही चालणार नाही. (वडील, नाशिक)

उत्तर: लगेच पळू नका. अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत हे खरं, पण सौम्य अक्षमता असलेल्या बऱ्याच जणांना पालक नेमायची गरजच नसते. त्याला स्वतःच्या नावाने खातं काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, बँकेत त्यालाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. खरंच लागलं, समजा घर-जमिनीचा व्यवहार आहे आणि त्याला तो झेपत नाहीये, तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा केंद्राचा कायदा) जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, अर्ज तिथे करायचा. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि तेही त्याच्याशी सल्लामसलत करून.

त्याआधी ही कामं उरकून घ्या. अठराला पुन्हा तपासणी करून दिव्यांगत्वाचं कायमचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर फॅमिली पेन्शनसाठी त्याचं नाव ऑफिसात आत्ताच नोंदवा, तुमच्यामागे आईला एकटीला ती कागदपत्रं जमवत फिरायला लागू नये. आणि मतदार यादीत नाव घाला, फॉर्म ६. कोर्टाने तसं जाहीर केलं असेल तरच मत देता येत नाही, नुसत्या सर्टिफिकेटने हक्क जात नाही, बूथवर किंवा ऑफिसात कोणी नाही म्हणालं तर हे ठामपणे सांगा.