प्रश्नावली परत मागणाऱ्या मुलीला काय सांगू?

पत्र : ताई, मी मानसशास्त्र विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुशोधप्रबंधासाठी मी परीक्षेचा ताण आणि अभ्यासाची प्रेरणा हा विषय घेतला असून, एफ.वाय.च्या वर्गाकडून कोहेन यांची दहा प्रश्नांची ताणमापन प्रश्नावली रोल नंबरसह भरून घेतली. जे भरणार नाहीत त्यांचे अंतर्गत गुण कापले जातील, असे माझ्या मार्गदर्शक सरांनी वर्गात सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी येऊन म्हणाली, "माझा फॉर्म काढून टाका ना." सर म्हणतात, नमुना कमी होईल, दुर्लक्ष कर. तेव्हापासून मला झोप लागत नाही आणि आवडीने घेतलेल्या विषयाचे पुस्तक उघडावेसे वाटत नाही. मी या क्षेत्रासाठी कमकुवत आहे का?

उत्तर : त्या मुलीचा फॉर्म आजच बाजूला काढा, एक्सेलमधली तिची ओळही पुसा आणि तसे तिला सांगा. कारण विचारू नका. सहभागी व्यक्तीला कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता आणि कसलाही तोटा न होता माघार घेता आली पाहिजे, हे तुमच्या संशोधनपद्धतीच्या पेपरातच आहे. यात सरांची परवानगी मागायची नसून त्यांना कळवायचे आहे.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा येल विद्यापीठातला प्रयोग तुम्ही आज्ञाधारकतेच्या प्रकरणात वाचला असेल. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, संशोधकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देताना ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले, हा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. विजेचे झटके खोटे होते. परंतु थांबू पाहणाऱ्या माणसाला अधिकारी वाटणाऱ्या संशोधकाने "प्रयोगासाठी तुम्ही पुढे चालू ठेवणे आवश्यक आहे" असे ठामपणे सांगितले, हे खरे होते, आणि त्या प्रयोगावर झालेल्या टीकेचा मोठा भाग सहभागी लोकांना सोसाव्या लागलेल्या या घालमेलीविषयी आहे. तुमच्या वर्गातला प्रसंग तीव्रतेने कितीतरी सौम्य आहे, हे मान्य. पण 'नाही' म्हणण्याची वाट ज्याच्या हाती गुण आहेत त्यानेच बंद केली, एवढे साम्य नाकारता येणार नाही. माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीच्या, अमेरिकेतील १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, विद्यार्थ्यांसारख्या अधीन स्थितीतील व्यक्तींकडून संमती घेताना विशेष काळजी घ्यावी, असे धरलेले आहे.

नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी सरांचे म्हणणे शास्त्राच्याच कसोटीवर उतरत नाही. वरच्या कोपऱ्यात रोल नंबर लिहिलेला आणि अंतर्गत गुणांची धास्ती मनात असलेला अठरा वर्षांचा मुलगा, गेल्या महिन्यात आपल्याला किती वेळा हतबल वाटले, याचे उत्तर खरे देईल की बेताचे देईल? शिवाय तुमचा विषयच प्रेरणा आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. कोड्यांसाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळेत त्या कोड्यांतला रस घटलेला दिसला. जे काम मनापासून केले जाते त्याला बाहेरून आमिष लावले तरी मन मागे सरते; इथे तर धाक लावला आहे.

आता तुमच्याविषयी. ताणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांच्या मांडणीनुसार, समोरची मागणी आपल्या हाताशी असलेल्या बळापेक्षा जास्त आहे असे जेव्हा आपण ताडतो, तेव्हा ताण निर्माण होतो. तुमच्यावर दोन परस्परविरोधी मागण्या आहेत: पटत नाही ते करा, आणि ज्यांच्या हाती तुमचे गुण आहेत त्यांना दुखवू नका. अशा वेळी झोप उडणे हा दुबळेपणा नाही. 'ताण घेऊ नकोस' हा सल्ला मला नेहमीच निरुपयोगी वाटत आला आहे. दीर्घश्वसनाने रात्र थोडी सोपी होईल, जरूर करा, परंतु हा ताण मुळात प्रसंग बदलल्याने हटणारा आहे. पुस्तकाविषयीचा कंटाळाही मला विषयाचा वाटत नाही. त्यात लिहिलेले आणि स्वतः करावे लागलेले यांत अंतर पडले, म्हणून ते उघडवत नसावे.

सरांना एकांतात भेटा आणि आरोपाची भाषा टाळून पद्धतीच्या भाषेत बोला: "सर, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी संमतीविषयी विचारले, तर माझ्याकडे उत्तर नाही. रोल नंबर काढून, संमतीपत्र जोडून पुन्हा फॉर्म घेऊ का? नमुना लहान झाला तरी मर्यादांमध्ये तसे लिहीन." गुणांचा आणि फॉर्मचा संबंध नाही, हे मात्र सरांनीच वर्गात जाऊन सांगायला हवे, तुमच्या सांगण्याने मुलांची भीती जाणार नाही. वर्गात कोणी अठरा वर्षांखालील असेल, तर पालकांचीही संमती घ्या. भेटीनंतर ठरलेल्या गोष्टी सरांना छोट्या ईमेलने कळवून ठेवा. त्यांनी नकारच दिला, तर विभागप्रमुखांकडे किंवा महाविद्यालयात नीतिसमिती असल्यास तिच्याकडे लेखी जा. यात तुम्हाला धोका नाही, असे मी म्हणणार नाही. म्हणूनच जाण्याआधी विश्वासातल्या एका प्राध्यापकांशी बोलून घ्या.

त्या मुलीच्या उत्तरांवरून तिच्या मनाचे निदान करू नका. ही प्रश्नावली निदानासाठी नाही. पुन्हा फॉर्म घ्याल तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांच्याच कागदावर छापा, म्हणजे कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही. तुमची स्वतःची झोप आणखी दोन आठवड्यांत सुधारली नाही, तर तोच क्रमांक तुम्हीही लावा.